नऊ खोल्या, नऊ भाव

लोणावळ्यात वलवणच्या धरणाकडे जाणारा रस्ता जिथे वळतो तिथे आता एक उंच काळी भिंत आहे. तिच्यावर वेल चढवलेली आहे, पाहुण्यांना भिंत दिसू नये म्हणून. त्या भिंतीच्या आत आमची चाळ होती. नऊ खोल्या, पुढे लांब ओटा, मागे दोन संडास आणि एक नळ. ती चाळ मी विकून खाल्ली असं लोक म्हणतात. भाजीवाल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे बोलून झालंय. तोंडावर कोणी बोलत नाही, कारण माझं तोंड सगळ्यांना माहीत आहे. माझी बाजू लिहून ठेवावी म्हणून बसले आहे. लिहिता लिहिता ती कितपत उरते ते बघू.

माझे वडील बैलांच्या बाजारात दलाल होते. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालत, बोटं दाबत आणि तोंडाने मात्र पाऊसपाण्याचं बोलत. भाव दोघांच्या बोटांना कळायचा. शेजारच्या दावणीवरचा माणूस कान टवकारून उभा असला तरी त्याला पत्ता लागत नसे. वडील म्हणायचे, भाव उघडा पडला की बाजार पडला. मुलगी म्हणून मला बाजारात कोणी उभं करत नव्हतं, पण घरी ते माझा हात टॉवेलाखाली घेऊन मला शिकवायचे. आठ-नऊ वर्षांची असताना मी त्यांना एका म्हशीत हरवलं होतं. म्हैस नव्हतीच, खोटी होती, पण ते दिवसभर खूश होते.

लग्न होऊन मी वलवणला आले. नवरा कारखान्यात होता. मुलगी तीन वर्षांची असताना काविळीने गेला. सासरच्यांनी महिनाभर रडून घेतलं आणि मग खोलीचं भाडं कोण भरणार ते विचारलं. मी भाजलेली कणसं विकायला रस्त्यावर उभी राहिले. गाडीतून उतरणाऱ्या माणसाच्या चपला बघून त्याला भाव सांगायचा, हे मी दोन महिन्यांत शिकले. मग एका बंगल्याची चावी मिळाली. मालक मुंबईला, शनिवार-रविवार यायचे. आधी जाऊन झाडलोट करायची, चादरी घालायच्या, गॅस आहे का बघायचं. एका चावीच्या तीन झाल्या, तीनच्या अकरा. पुढे पाहुण्यांचं जेवणही माझ्याकडे आलं. आज माझ्या हाताखाली सहा बायका आहेत. हे सगळं मी भांडून मिळवलंय, कोणी ताटात वाढलेलं नाही.

आणि हे सगळं त्या चाळीत राहून केलं. चाळ म्हाताऱ्या बंगलेवाल्याने आपल्या माळ्यासाठी, स्वयंपाक्यासाठी, रखवालदारासाठी बांधली होती. पुढे एकेक खोली कोणाकोणाला दिली, त्यातली एक माझ्या नवऱ्याला. सगळं तोंडी. भाडं नावाला. म्हातारा दर पावसाळ्याआधी येऊन विचारायचा, कौलं फुटली का. एवढाच त्याचा आणि आमचा करार.

पहिल्या खोलीत मावशी राहायची. म्हाताऱ्याच्या माळ्याची बायको, तेव्हा पन्नाशीची असेल. माळी आधीच वारला होता; मूलबाळ नव्हतं. मी कणसं विकायला जायचे तेव्हा माझी मुलगी दिवसभर मावशीकडे असायची. मावशी बौद्ध, आम्ही मराठे. माझी सासू एकदा आली आणि मुलगी मावशीच्या ताटात जेवताना तिने पाहिली. ती पाणी न पिता परत गेली. मावशी म्हणाली, "म्हातारी तान्हेली गेली बघ उन्हाची." तिचा राग तेवढाच.

आमच्या चाळीत एक रीत होती. बहुतेक बायका बंगल्यांवर कामाला. एखादी आजारी पडली, बाळंत झाली, गावी गेली, तर दुसरी तिच्या बंगल्यावर बदलीला जायची. त्या दिवसांची मजुरी बदलीवाल्या बाईची, पण बंगला पहिलीचाच. मालकाने कितीही सांगितलं की तूच ये रोज, तरी नाही म्हणायचं. कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. मावशीने कधीतरी घालून दिलेलं आणि सगळ्यांनी पाळलेलं. उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस ठरवून नऊही घरं मिळून अख्ख्या छपराची कौलं परतायची. पुरुष वर, बायका खाली हातोहात कौलं द्यायला. दुपारी एकाच पातेल्यात भात. आपल्या खोलीपुरतं परतायचं असं कोणाच्या डोक्यातही येत नसे, कारण छप्पर एकच होतं.

म्हातारा गेला. मुलांनी जागा विकली. घेणारा कोण ते आम्हाला शेवटपर्यंत दिसलं नाही. आला तो एक पांढऱ्या शर्टातला माणूस, तिशीचा, बोलायला गोड. म्हणाला, "ताई, माझ्या हातात काही नाही. यात पैसे घातलेले लोक वेगळे. डॉक्टर आहेत, परदेशातले आहेत. सगळे मलापण माहीत नाहीत. त्यांना फक्त वर्षाला किती सुटतात ते बघायचंय." तिथे सात व्हिला होणार होते, प्रत्येकाला पोहण्याचा तलाव, रात्रीच्या हिशेबाने भाड्याने द्यायचे. त्याने ओट्यावर नकाशा उलगडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. मागच्या कडेला चार बारीक चौकोन होते. मावशीने बोट ठेवून विचारलं, हे काय. तो म्हणाला, "स्टाफच्या खोल्या, मावशी."

तो गेल्यावर मावशी मला म्हणाली, "आगं, आपुन त्याच मागू. चाराच्या नऊ करा म्हनावं. पैकं नगं."

"मावशी, त्या नोकरांच्या खोल्या हायेत. आज ठेवतील, उद्या बोचकं उचलून बाहेर फेकतील."

"मंग आत्ता आपुन कोन हाय? मालक?"

"पैसा हातात आला की कुटं बी खोली घेता यील."

"कुटं बी न्हाई गं. हितं."

मला राग आला. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही आणि तेव्हा तर मी सौद्याच्या तयारीत होते. मी म्हटलं, "तुमाला काय कळतंय त्यातलं. गप बसा." मावशीला मी असं आयुष्यात एकदाच म्हटलं. ती गप बसली. ती गप बसणारी बाई नव्हती, पण मुलगी सांभाळून तिने मला उभं केलं होतं आणि मी हुशार आहे असं तिला खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या शर्टवाल्याला सांगितलं, नऊ जणांचं एकदम बोलायचं नाही. एकेकाशी बोलायचं, दार लावून, मी मध्ये बसणार. कोणाला काय मिळालं ते दुसऱ्याला कळता कामा नये. माझा हिशेब असा की सगळ्यांना एक भाव लावला तर तो खालचा लागेल. उलट एकेकाची गरज दाखवून वर चढवता येईल. कोणाची बायको बाळंतीण, कोणाचा बाप अंथरुणाला. वडिलांनी मला हेच शिकवलं होतं. त्याने लगेच फाईल मिटली आणि चहा मागितला. मला वाटलं, माणूस नरमला. आज मला कळतं की त्याला हायसं वाटलं होतं. नऊ घरं एकत्र बसली असती तर त्याला नकाशा बदलावा लागला असता.

म्हाताऱ्याच्या जुन्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात चार दिवस सौदे चालले. मी प्रत्येकासाठी जीव तोडून भांडले, हे कोणीही नाकारू नये. दोनदा मी त्याची फाईल जमिनीवर आपटली. एकदा त्याला दारापर्यंत जाऊ दिलं आणि परत बोलावलं नाही; तो आपण होऊन फिरला. ज्या घराची ओढाताण त्याला जास्त मिळवून दिलं. मावशीचं सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त. ती कागदावर सही करताना माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "यवढ्यात वलवणात खोली यील ना?" मी म्हटलं, "यील की." मला तसंच वाटत होतं.

गप्प राहायची मी सगळ्यांना एकविरेची शपथ घातली. मावशी म्हणाली, "मी शपथ घेत न्हाई. पर बोलायची बी न्हाई." ती एकटीच बोलली नाही. बाकी घरांतली शपथ आठव्या दिवशी नळावर मोडली. कोपऱ्याच्या खोलीतल्या ड्रायव्हरच्या बायकोला समजलं की शेजारणीला तिच्यापेक्षा जास्त मिळाले. तिने हंडा तिथेच टाकला आणि माझ्या दारात आली.

"आमी काय कमी वर्सं ऱ्हायलो का हितं? आमचं छप्पर लहान व्हतं का?"

"तुजा नवरा कमावता हाय. तिचा सासरा पडून हाय."

"मंग तिच्या सासऱ्याचं पैसं माज्या खोलीतून का? आन् तुजी दलाली कितीची त्ये सांग आदी."

मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दलाली मी एक रुपयाही घेतली नव्हती. ही शपथ मी आजही घेईन. पण एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही, ती आता लिहिते. पांढऱ्या शर्टवाल्याने मला शब्द दिला होता की सातही व्हिलांच्या चाव्या माझ्याकडे राहतील. साफसफाई, जेवण, सगळं. ही काही दलाली नव्हे, असं मी स्वतःला सांगत होते. अजूनही सांगते, फक्त आवाज पूर्वीसारखा चढत नाही. पुढे तो शब्दही त्याने पाळला नाही. पुण्याहून एका कंपनीची व्हॅन यायला लागली, सारख्या टी-शर्टातली पोरं घेऊन. मी फोन केला तर म्हणाला, "ताई, वरून ठरलंय." वरून कोण, ते त्याला माहीत नव्हतंच.

दिवाळीनंतर खोल्या सोडायच्या होत्या. म्हणजे एक पावसाळा चाळीत काढायचा होता. त्या वर्षी कौलं परतली गेली नाहीत. कोणी विषयच काढला नाही. प्रत्येकाने बाजारातून निळं प्लॅस्टिक आणून आपल्या खोलीपुरतं बांधलं. लोणावळ्याच्या पावसाला तेवढंच पाहिजे होतं. पाणी दोन प्लॅस्टिकच्या मधून घुसलं आणि मधल्या भिंतींतून दोन्हीकडे झिरपलं. प्रत्येक घर म्हणत होतं, शेजाऱ्याचं पाणी आमच्यात येतं. श्रावणात एका बाईला टायफॉईड झाला. ड्रायव्हरची बायको तिच्या बंगल्यावर बदलीला गेली आणि तिने तो बंगला परत दिला नाही. मावशी तिच्याकडे गेली, ओट्यावर बसली. ड्रायव्हरची बायको आतूनच म्हणाली, "आता हितं कोन कुनाचं हाय मावशी?" मावशी उठून आली. त्या रात्री ती जेवली नाही, असं मला शेजारणीने सांगितलं. मी स्वतः विचारायला गेले नाही. माझ्याशीही बोलणं कमी झालं होतं, आणि चूक माझी आहे हे मला कोणी म्हटलेलं खपत नव्हतं, मावशीच्या डोळ्यांनीसुद्धा.

चाळ पाडायला दोन तास लागले. घरं पांगली: कोणी तळेगावला, कोणी गावी, कोणी मुलाकडे. ज्या बायका सकाळी सातला चालत बंगल्यावर पोचायच्या, त्या आता पहिली बस धरून साडेनऊला येतात. त्यांचे बंगले एकेक करून कंपन्यांकडे गेले. मी साठवलेल्या पैशांत उतारावरच्या एका इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं. मुलगी लग्न होऊन गेली होती; त्यात तीन शेगड्या, पिठाचे डबे, पातेली आणि मी.

मावशीला घेऊन मी खोली बघायला निघाले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या सौद्यात काय झालं होतं. तिला सगळ्यांत जास्त मिळालं होतं आणि त्यात लोणावळ्यात मोरीसुद्धा येत नव्हती. ज्यांनी आमची जागा घेतली तसल्याच लोकांनी बाकीच्याही घेतल्या होत्या. कामशेतला विकत मिळेना, म्हणून भाड्याने घेतली. अकरा महिन्यांचा करार. अकरा महिने झाले की भाडं वाढवा नाहीतर उठा. मावशी तीन खोल्या फिरली. एका ठिकाणी सगळं ठरलं होतं, मालकिणीने जाता जाता आडनाव विचारलं आणि मग ती खोली दिराच्या मुलासाठी ठेवलेली निघाली. मी तिथे इतकी ओरडले की खालचे लोक वर आले. मावशी माझा हात ओढून खाली घेऊन आली. म्हणाली, "मला काय नवीन हाय का त्ये. तू कशाला घसा फोडतीस."

यंदा तिसऱ्या मालकाने महिनाअखेर खोली सोडा म्हणून सांगितलं. मावशी आता सत्तरीच्या पुढे आहे. मी तिला माझ्याकडे ये म्हटलं. म्हणाली, "आठ दिस यीन. पाव्हनी म्हनून." तिला स्वतःचं दार पाहिजे होतं, आणि ते वलवणला. "तू बोललीस की देत्यात लोकं," ती म्हणाली. इतकं सगळं झाल्यावरही तिचा माझ्यावर एवढा विश्वास होता.

वलवणमध्ये एक शेतकरी आहे, जुन्या ओळखीचा, मी त्याला भाऊ म्हणते. घरामागे त्याच्या चार खोल्या. पूर्वी तिथे शाळेतले मास्तर, रेल्वेचे लोक राहायचे. आता तिथे पाहुणे राहतात आणि त्यांचं जेवण माझ्याकडून जातं. मावशीला मी दुपारी बोलावून घेतलं होतं. तिला नाक्यावरच्या दुकानाच्या पायरीवर बसवून मी एकटीच गेले. भाव करताना गरजू माणूस समोर असू नये, हा नियम.

"भाऊ, मागची खोली मोकळी हाय का?"

"सोमवार ते गुरवार मोकळीच असती."

"मंग मावशीला द्या की. चाळीतली मावशी. तुमी वळखता."

"गुरवारपातूर देतो. शुक्रवारी कुटं जायाचं तिनं?" तो हसला. त्याच्या हसण्यात वाईटपणा नव्हता.

मी आकडा बोलले. त्याने मान हलवली. मी वाढवला. त्याने दुधाच्या बादलीवर फडकं झाकलं आणि म्हणाला, "आगं बाई, दोन राती म्हंजी तिचं महिन्याचं भाडं. तुला म्या सांगायला पायजे व्हय? पाव्हन्यांच्या भाकरी तूच देतीस."

मी चिडून म्हटलं, "माणसाला माणूस बघायचं का न्हाई भाऊ?"

"बगायचं की. तूच ठेव की तुज्याकडं."

याला माझ्याकडे उत्तर होतं, की ती येत नाही. पण ते मी दिलं नाही. तो म्हणत होता त्यातलं काहीच खोटं नव्हतं. माझा आकडा कितीही वर गेला असता तरी तो त्याच्या दोन रात्रींच्या शेजारी उभा राहिला नसता. उभ्या आयुष्यात असा सौदा मी पाहिला नव्हता. पांढऱ्या शर्टवाल्याकडे मी त्या चार चौकोनांच्या नऊ खोल्या मागितल्या असत्या तर त्याने दिल्या असत्या का, मला माहीत नाही. कदाचित नसत्या दिल्या. दिल्या असत्या तर पाच वर्षांत काढून घेतल्या असत्या. पण नऊ घरं एका ओट्यावर बसून ते मागत होती, हे तरी झालं असतं. मी मागितलंच नाही.

नाक्यावर आले. मावशी पायरीवरून उठली, पिशवी खांद्याला लावली.

"नळ आत हाय का भाईर?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "न्हाई देत म्हनला."

"किती म्हनला?"

"भावच झाला न्हाई, मावशी."

तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "वरच्या आळीत बगू. आलोच हाय तर."

आम्ही वरच्या आळीत गेलो. जवळजवळ प्रत्येक घराला पाहुण्यांच्या खोल्यांची पाटी होती, कोणाची लाकडाची, कोणाची दिव्यांची. दोन ठिकाणी दार उघडलं नाही. एका ठिकाणी मला बघून बाई म्हणाली, ताई तुमच्या ओळखीतले पाहुणे असतील तर पाठवा. मी त्या दिवशी भाव केला नाही. खोली आहे का, एवढंच विचारत होते. शेवटच्या घरात अंगणात एक शाळकरी मुलगी वही घेऊन बसली होती. आम्हाला बघून ती सरळ झाली आणि तोंडपाठ असल्यासारखं विचारलं, "किती नाईट राहणार?"

मावशीला नाईट शब्द कळत होता. बंगल्यांवर आयुष्य गेलं होतं तिचं.

"ऱ्हायल्यात तेवड्या," मावशी म्हणाली.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "आईला विचारते," म्हणून ती आत गेली. मावशीने पिशवी खाली ठेवली आणि अंगणातल्या नळाखाली हात धुतला, पाणी प्यायली, नळ घट्ट बंद केला. आतून आवाज आला, शुक्रवारपासून फुल्ल आहे म्हणून सांग. मुलीने बाहेर येऊन ते सांगायची वाट मावशीने बघितली नाही. पिशवी उचलून ती पायऱ्या उतरायला लागली. कामशेतची बस साडेपाचला होती.